होलोंग आणि होलौचा रस्ता

मागच्या भागात आपण ब्रह्मपुत्रेच्या पुराबद्दल बोललो. त्यानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की, साहेब, तुम्ही वरच्या आसामात नोकरी केलीत, तर तिथल्या जंगलाबद्दल कधी बोलणार? आज बोलतो. सगळ्या जंगलाबद्दल बोलायला एक भाग पुरणार नाही, म्हणून एकच झाड निवडलंय. त्या झाडाच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली होती, तीही सांगतो. म्हणजे हे झाड का महत्त्वाचं आहे, ते मला कुणी आणि कसं शिकवलं, हे तुमच्या लक्षात येईल.

झाडाचं नाव होलोंग. आसाम आणि अरुणाचल प्रदेश या दोन्ही राज्यांचा हा राज्यवृक्ष आहे. दिब्रुगड, तिनसुकिया, दिगबोई या बाजूला गेलात आणि चहाचे मळे संपून जंगल सुरू झालं, की बाकी सगळ्या झाडांच्या डोक्यावरून वर गेलेली काही झाडं दिसतात. तो होलोंग. पूर्ण वाढलेलं झाड चाळीस-पंचेचाळीस मीटर उंच असतं, म्हणजे साधारण चौदा-पंधरा मजल्यांची इमारत. खोड सरळसोट, खांबासारखं. खालच्या बऱ्याच उंचीपर्यंत एकही फांदी नाही. मग एकदम वर जाऊन छत्रीसारखा पसारा. जुन्या झाडाला कवेत घ्यायला तीन-चार जवान लागत. आम्ही ते करून बघितलंय.

शास्त्रीय भाषेत याच्या गणाला डिप्टेरोकार्पस म्हणतात. शब्द ग्रीक आहे आणि अर्थ अगदी सोपा: दोन पंखांचं फळ. होलोंगचं फळ म्हणजे एक कठीण गोळी आणि तिला वीतभर लांबीचे दोन पंख. वरून सुटलं की हेलिकॉप्टरच्या पात्यासारखं गरगरत खाली येतं. याचे नातेवाईक तुम्हाला माहीत आहेत. मध्य भारतातला साल याच कुळातला. घरी धूप घालताना जी राळ वापरतात ती त्या सालाचा चीक. आणि फर्निचरवाला ज्या ‘गर्जन प्लाय’ची तारीफ करतो, तो गर्जन म्हणजे होलोंगचा सख्खा भाऊ.

हे कुळ भारतात किती जुनं आहे, त्याचा पुरावा आपल्या शेजारीच सापडला. गुजरातेत सुरत जिल्ह्यातल्या वास्तान इथे लिग्नाइटची खाण आहे. तिथल्या थरांत अंबर मिळालं, म्हणजे झाडाचा चीक गोठून दगड झालेला. वय सुमारे ५ कोटी वर्षं. ते तपासल्यावर कळलं, की तो याच कुळातल्या झाडांचा चीक आहे, आणि त्यात त्या काळचे शेकडो कीटक जसेच्या तसे अडकलेले आहेत. म्हणजे आज जिथे कोरडा, काळा खाणपट्टा आहे, तिथे एके काळी आसामसारखं सदाहरित जंगल होतं. भारताचा भूखंड सरकत सरकत आशियाला येऊन भिडला, त्याच्याबरोबर ही झाडंही आली आणि पुढे ब्रह्मदेश, मलाया, बोर्निओपर्यंत पसरली, असं आज बरेच शास्त्रज्ञ मानतात. बडोदा-सुरतेकडच्या श्रोत्यांनो, होलोंगचं जुनं घराणं तुमच्याकडचं आहे.

आता माझी गोष्ट.

१९९२ चा पावसाळा. मी कंपनी कमांडर होतो. आमची चौकी एका राखीव जंगलाच्या कडेला होती. एका बाजूला चहाचा मळा, दुसऱ्या बाजूला नदी, आणि दोन मोठ्या जंगलांना जोडणारी मधली चिंचोळी पट्टी, त्या पट्टीच्या तोंडाशी आम्ही. कंपनीत कोकणातली आणि घाटावरची पोरं. पावसाची सवय असलेली. पण तिथला पाऊस बघून रत्नागिरीचा हवालदारही म्हणाला, “साहेब, आपल्याकडे निदान गणपतीनंतर थांबतो तरी.”

जूनमध्ये कच्चा रस्ता वाहून गेला आणि दोन जवानांना मलेरिया झाला. त्यातल्या एकाचा ताप डोक्यात गेला. त्याला खाटेवर घालून, चिखलातून अकरा तास चालत पक्क्या रस्त्यापर्यंत न्यावं लागलं. तो वाचला, पण थोडक्यात. वरून आदेश आला, की चौकीजवळ हेलिपॅड तयार करा. आदेश योग्यच होता.

जागा मी निवडायची होती. दोन पर्याय होते. एक म्हणजे मळ्याची सोडून दिलेली रोपवाटिका. सपाट, उघडी, पण चौकीपासून सव्वा किलोमीटरवर. दुसरी जागा चौकीला लागून, त्या जंगलाच्या पट्टीतच. तिथे दोन मोठे होलोंग होते आणि बाकी मध्यम झाडी. मी जवळची जागा निवडली. पहारा सोपा, अंतर कमी. रीतसर परवानगीचा कागद आला. कागदात काही खोट नव्हती.

आमच्या चौकीवर वाट दाखवायला एक म्हातारा यायचा. आसामीत आजोबांना कोका म्हणतात. आम्ही सगळे त्याला कोकाच म्हणायचो. करवत आणली त्या दिवशी तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “साब, ये दो पेड मत गिराओ. होलौ का रास्ता टूट जाएगा.”

होलौ म्हणजे काय ते मला माहीत होतं. हूलॉक गिबन. रोज सकाळी त्यांचा आवाज आमच्या चहाबरोबर यायचा. पण त्याचा रस्ता म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. मी म्हणालो, “कोका, इतना जंगल है, दूसरा रास्ता बना लेगा.”

दोन माणसांनी ओढायच्या करवतीनं पहिला होलोंग पाडायला जवळजवळ पूर्ण दिवस लागला. पडताना त्यानं आजूबाजूची सात-आठ झाडं सोबत नेली. हवेत चिकाचा उग्र वास पसरला. दुसरा होलोंग दुसऱ्या दिवशी. आठवड्याभरात मोकळी जागा तयार झाली, मधोमध चुन्यानं ‘एच’ काढला.

मग सकाळी जे दिसलं ते सांगतो. त्या पट्टीतून रोज एक होलौ कुटुंब पलीकडच्या उंबराच्या जातीच्या एका झाडावर खायला जायचं. काळा नर, फिकट तपकिरी मादी आणि एक पिल्लू. जागा मोकळी झाल्यावर ते कडेच्या झाडापर्यंत आले. थांबले. ओरडले. नरानं दोन-तीन फांद्या बदलून अंदाज घेतला. मग परत गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असं आठवडाभर चाललं. त्यानंतर ते येईनासे झाले. कोका काही बोलला नाही. तेच मला जास्त लागलं.

त्या हेलिपॅडवर हेलिकॉप्टर एकूण दोनदा उतरलं. दोन्ही वेळा ते रोपवाटिकेच्या जागेवरही उतरू शकलं असतं.

कोकाचं म्हणणं बरोबर का होतं, हे मला पुढे वाचून, विचारून कळलं. ते आता तुम्हाला समजावून सांगतो.

हूलॉक गिबन हे माकड नाही. गोरिला, चिंपांझी, ओरांगउटान यांच्या नात्यातला हा बिनशेपटीचा प्राणी, आणि भारतात मिळणारा या नात्यातला एकमेव. ब्रह्मपुत्रेच्या दक्षिणेकडचा ईशान्य भारत हे त्याचं घर. नर-मादी जोडीनं राहतात, सकाळी दोघं मिळून गातात आणि त्या गाण्यातून शेजारच्या कुटुंबाला आपली हद्द कळवतात. याचे हात पायांपेक्षा बरेच लांब. तो फांदीला लोंबकळत, झोके घेत जातो. एका झोक्यात आठ-दहा मीटरचं अंतर सहज पार करतो. पण जमिनीवर तो अवघडतो. पोहता तर मुळीच येत नाही. त्यामुळे नदी ही त्याची सरहद्द, आणि जंगलात पडलेलं मोठं भगदाडही त्याची सरहद्दच.

म्हणून त्याच्यासाठी जंगल म्हणजे जमिनीवरचे एकर नव्हेत. वर, झाडांच्या शेंड्यांना शेंडे लागून जे छप्पर तयार होतं, ते त्याचं जंगल. या छपराचा सगळ्यात वरचा मजला होलोंगचा. त्याच्याखाली मधला मजला नाहरचा. नाहर म्हणजे आपला नागचाफा. गोड्या मसाल्यात जे नागकेशर घालतो, ते याच झाडाचं. त्याखाली लहान झाडं, वेत, बांबू. होलोंगच्या पसरलेल्या फांद्यांमुळे दूरदूरची झाडं एकमेकांना जोडलेली राहतात. एक होलोंग पडला तर जंगलात एक झाड कमी होतं, एवढाच आपला हिशेब असतो. होलौच्या हिशेबात पूल पडलेला असतो.

फौजेत मी आयुष्यभर पुलांचं महत्त्व शिकलो आणि शिकवलं. एक पूल गेला तर पलीकडची अख्खी ब्रिगेड तुटते. ते तत्त्व मला डोक्यावर दिसलं नाही.

जुन्या होलोंगवर फक्त होलौच अवलंबून नाही. धनेश पक्षी जुन्या जाड झाडाच्या ढोलीतच घर करतो. मादी आत बसून ढोलीचं तोंड लिंपून घेते आणि नर बाहेरून फटीतून तिला फळं भरवतो. कोकणातल्या मंडळींना हा पक्षी ओळखीचा आहे. सिंधुदुर्गात जो महाधनेश दिसतो, तोच अरुणाचलचा राज्यपक्षी. ढोली तयार व्हायला झाड म्हातारं व्हावं लागतं. तरुण झाडांचं जंगल कितीही हिरवं दिसलं, तरी त्यात धनेशाला भाड्यानं खोली मिळत नाही.

तिथल्या माणसांचं जगणंही या मोठ्या झाडांशी बांधलेलं आहे. पटकाईच्या डोंगरांत नोक्ते, वांचो, कोन्याक यांच्या गावांत एकाच प्रचंड खोडातून कोरलेले लाकडी नगारे असतात. असं खोड जंगलातून ओढून आणायला सगळं गाव लागतं आणि तो दिवस सणासारखा असतो. होलोंगच्या जातभाईंचा चीक ब्रह्मदेशात आणि पुढे पूर्वेकडे मशालींसाठी आणि होड्यांच्या फटी बुजवायला पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला. खुद्द होलौ हे नावही त्या प्राण्याच्या हाकेवरून पडलंय. नाहरकटिया हे गाव तुम्ही तेलासाठी ऐकलं असेल. त्या नावात नाहर आहे आणि कटियाही आहे. कापलेल्या झाडाची आठवण गावाच्या नावात राहिली.

आता कुणी म्हणेल, पाडली तर पाडली, नवीन लावा. इथेच होलोंग वेगळा आहे.

पहिली गोष्ट, तो दर वर्षी सारखा फळत नाही. एखादं वर्ष भरभरून, मग मध्ये काही वर्षं कमी. दुसरी गोष्ट, बी टिकत नाही. ज्वारी-बाजरीचं बियाणं आपण कोरडं करून पुढच्या हंगामाला ठेवतो. होलोंगचं बी कोरडं केलं की मरतं. पडल्यापासून काही आठवड्यांत रुजलं तर रुजलं. त्यामुळे बियाण्याची कोठी भरून ठेवता येत नाही. या झाडाची कोठी म्हणजे उभं असलेलं जुनं झाड. तिसरी गोष्ट, पंख असूनही बी फार लांब जात नाही. बहुतेक बिया आईच्या आसपासच पडतात. चौथी गोष्ट, याच्या मुळांभोवती जमिनीत एक प्रकारची बुरशी असते. ती मुळांना पाणी आणि क्षार मिळवून देते, झाड तिला साखर देतं. जंगल साफ करून जमीन उन्हात तापली की ही भागीदारी मोडते. आणि शेवटची गोष्ट, रोपाला लहानपणी सावली लागते, थोडं मोठं झाल्यावर वरून उजेडाची फट लागते. हा सगळा मेळ जुन्या जंगलातच जमतो.

मग इतके होलोंग गेले कुठे? बरेचसे आपल्या घरांत. सरळ, बिनगाठीचं खोड म्हणजे प्लायवुडच्या कारखान्याला सोनंच. खोड फिरवत त्याचा पातळ पापुद्रा काढायचा आणि थर चिकटवायचे. वरच्या आसामात हा धंदा चहामुळे वाढला. चहा परदेशी पाठवायला पेट्या लागत आणि त्या पेट्यांना प्लायवुड. होलोंग आणि त्याच्या जोडीचा मकाई या दोन झाडांनी तो धंदा पोसला. रसायनात भिजवून होलोंगचे रेल्वेचे स्लीपरही केले जात. माझ्या लहानपणी आमच्या घरी पुस्तकं ठेवायला चहाची एक रिकामी पेटी होती. तिचं लाकूड कुठलं, हा प्रश्न कधी पडला नाही.

याला मोठा लगाम बसला तो १२ डिसेंबर १९९६ रोजी. तमिळनाडूतल्या निलगिरीच्या गुडलूर भागातलं जंगल वाचवण्यासाठी टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाद यांनी १९९५ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. त्या एका अर्जातून देशभरच्या जंगलांसाठी आदेश निघाला. त्यात अरुणाचलच्या तिराप आणि चांगलांग जिल्ह्यांतल्या सदाहरित जंगलांमधली सगळी तोड थांबवली गेली. तिथल्या, आणि सीमेपासून १०० किलोमीटरच्या आतल्या आसाममधल्याही, सॉ मिल आणि प्लायवुडचे कारखाने बंद करायला सांगितलं गेलं. यात अनेकांची रोजीरोटी गेली, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण आज तिथे जे होलोंग उभे आहेत, त्यात या आदेशाचा वाटा मोठा आहे.

पुढे २०२० मध्ये दिहिंग पटकाईच्या परिसरात कोळसा खाणीचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा आसामच्या तरुण पोरापोरींनी टाळेबंदीत घरी बसून आवाज उठवला. २०२१ मध्ये दिहिंग पटकाई राष्ट्रीय उद्यान झालं, क्षेत्र सुमारे २३४ चौरस किलोमीटर.

पण क्षेत्रफळ पुरेसं नसतं, सलगपणा लागतो. याचं उदाहरण जोरहाट जिल्ह्यात आहे. होलोंगापार गिबन अभयारण्य. नावातच होलोंग. १९९७ मध्ये अभयारण्य झालं. क्षेत्र जेमतेम २१ चौरस किलोमीटर. चारही बाजूंना मळे आणि गावं. त्यात होलौसह सात जातींचे माकड-वानर राहतात. आणि मधून रेल्वे जाते, १८८७ पासून. रूळ टाकले तेव्हा वरचं छप्पर फाटलं आणि अभयारण्याचा एक लहान तुकडा पलीकडे राहिला. तिथली होलौ कुटुंबं तेवढ्यातच अडकली. शेंड्यांच्या उंचीवर कृत्रिम पूल बांधण्याचे प्रयत्न झाले आहेत, पण लोखंडी पुलावर होलौ सहजी पाय ठेवत नाही. दोन्ही बाजूंची झाडं वाढून एकमेकांना भिडणं हाच त्याचा खरा पूल. इथे वनखात्यानं पूर्वी लागवडही केली होती आणि मूळ जंगलाच्या संगतीत ती मिसळून गेली. म्हणजे काम अशक्य नाही. फक्त शेजारी जुनं जंगल शिल्लक हवं आणि माणसाला घाई नको.

निवृत्तीनंतर, २०१८ मध्ये, मी पत्नीला घेऊन माझ्या त्या जुन्या चौकीच्या जागी गेलो. चौकी केव्हाच उठली आहे. हेलिपॅड ओळखू येत नव्हतं. वेलींनी झाकलेलं, मध्ये हलक्या लाकडाची, झटपट वाढणारी झाडं. दुरून बघणारा म्हणेल, जंगल परत आलं की. मी वर बघितलं. सव्वीस वर्षांनीही वरचं छप्पर उघडंच होतं.

कोका आता नाही. त्याचा नातू भेटला. वनखात्यात रोजंदारीवर पहाऱ्याचं काम करतो. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, होलौचा आवाज हल्ली नदीच्या बाजूनंच येतो, मळ्याच्या बाजूनं नाही. मग त्यानं मला पट्टीच्या टोकाला नेलं. तिथे एक जुना होलोंग वाचलेला आहे. त्याच्या सावलीत, मोकळ्या जागेच्या कडेला, पाच-सहा रोपं होती. एक माझ्या छातीएवढं. नातवानं त्याच्याभोवती बांबूचा कूड घातला होता, गुरांपासून राखायला. पगारात ते काम धरलेलं नाही. मी विचारलं, “हे मोठं व्हायला किती वर्षं?” तो म्हणाला, “साब, मेरा पोता देखेगा.”

मंडळी, तुमच्यापैकी बहुतेकांच्या अंगणात होलोंग वाढणार नाही. पण दोन गोष्टी करता येतील. घरात प्लायवुड घेताना लाकूड कुठून आलं, हे दुकानदाराला विचारा. त्याला उत्तर येणार नाही, तरी विचारा. चार गिऱ्हाइकांनी विचारलं की तो पुढे विचारायला लागतो. आणि तुमच्या गावात रस्ता, तारा, मैदान यांसाठी जुनं झाड पाडायची वेळ आली, तर ‘एकाच्या बदल्यात दहा लावू’ या हिशेबावर लगेच मान डोलावू नका. आधी तिथल्या जुन्या माणसाला विचारा, की या झाडावरून कुणाचा रस्ता जातो. दुसरी जागा सव्वा किलोमीटरवर असेल, तर तेवढं चाला.

मी विचारलं नव्हतं. म्हणून आज सांगितलं.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.